सोपं करून सांगताना

पेशी सिद्धांत तीन वाक्यांत सांगता येतो. सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात. पेशी हा सजीवाच्या रचनेचा आणि कार्याचा मूलभूत घटक आहे. आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते. नववीतल्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी ही तीन वाक्यं आणि त्यांच्यासोबतची श्लायडेन, श्वान आणि विरचाऊ ही तीन नावं तो धडाधड म्हणून दाखवेल. परीक्षेत पूर्ण गुणही मिळवेल. या लेखात मला एवढंच विचारायचं आहे की असं शिकवणं प्रामाणिक आहे का? वाक्यं बरोबर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती ज्या पद्धतीने एका रांगेत उभी केली जातात त्यात काहीतरी गाळलं जातं. जे गाळलं जातं त्याची जबाबदारी शिकवणाऱ्यावर किती, हा प्रश्न गेली दोन वर्षं माझा पिच्छा सोडत नाही.

प्रश्न पडण्याचं कारण साधं आहे. आम्ही राहतो ते खमीस मुशैत सौदी अरेबियाच्या नैऋत्येला, असीरच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. सौदी म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे वाळू आणि उंट येतात. इथे मात्र थंडीत स्वेटर लागतो आणि अधूनमधून ढग खाली उतरतात. 'खमीस' म्हणजे गुरुवार. इथे गुरुवारचा बाजार भरायचा म्हणून गावाला हे नाव पडलं, म्हणजे आपल्या बुधवार-शुक्रवार पेठांच्या भावकीतलंच. मराठी घरं मोजकी आहेत. शनिवारी सकाळी त्यांतली सात-आठ मुलं आमच्या हॉलमध्ये जमतात. सुरुवात मराठी लिहिण्या-वाचण्यापासून झाली होती. पण मी पेशींवर संशोधन करते हे कळल्यावर पालक म्हणाले, "ताई, थोडं सायन्सही घ्या ना." तेव्हापासून आम्ही विज्ञान मराठीतून करतो.

मराठीतून करायचं म्हटलं की पहिली अडचण शब्दाचीच येते. मुलांना शाळेमुळे 'सेल' माहीत असतो. पण 'सेल' म्हणजे रिमोटमधला सेल, मॉलमधला सेल, सिनेमातल्या कैद्याचा सेल, आणि मग हा चौथा. हिंदीच्या तासामुळे 'कोशिका' माहीत असते. मराठी विश्वकोशाच्या छापील खंडांतही 'कोशिका'च आहे. शाळेच्या मराठी पुस्तकांत मात्र 'पेशी' रूढ झाली. आता हिंदीत 'मांसपेशी' म्हणजे स्नायू आणि मराठीत पेशी म्हणजे सेल, त्यामुळे मुलं काही दिवस दंड फुगवून 'ही बघा पेशी' असा विनोद करतात. आणि अरबीत शब्द आहे 'खलिय्या'. इथे वाढलेली मुलं तो लगेच ओळखतात, कारण मधमाश्यांच्या पोळ्याला, पेटीलाही खलिय्याच म्हणतात. असीर मधासाठी प्रसिद्ध आहे आणि इथल्या बाजारात मधाची दुकानं पावलापावलावर आहेत.

या अरबी शब्दाने आम्हाला थेट रॉबर्ट हूकपर्यंत पोचवलं. १६६५ साली लंडनमध्ये त्याचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ निघाला. त्यात त्याने बाटलीच्या बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसला ते लिहिलं आहे. शाळेत गोष्ट अशी सांगतात की त्याला ते कप्पे मठातल्या साधूंच्या खोल्यांसारखे वाटले, म्हणून 'सेल'. त्याच्या वर्णनात मात्र उपमा येते ती मधाच्या पोळ्याची. मग त्याने हिशेब मांडला की घन इंचभर बुचात असे १२० कोटींहून जास्त कप्पे असतील. त्याचा नेमका आकडा होता १,२५,९७,१२,०००. डोळा एका कापावर आणि मन कोट्यवधींच्या गणितात, हा माणूस मुलांना फार आवडतो.

पण त्याने पाहिलं काय? मेलेल्या सालीच्या रिकाम्या भिंती. आतलं जे काही जिवंत होतं ते कधीच वाळून गेलेलं होतं. 'सगळे सजीव याचेच बनलेले आहेत' हा विचार त्याने मांडलेला नाही. 'हूकने पेशी शोधली' हे वाक्य म्हणूनच अर्धं खरं आहे. त्याने रिकामं घर पाहिलं आणि घराला नाव दिलं. राहणारे कोण ते कळायला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली.

आता इथे मी थोडी उलट बाजू घेते. सोपं करून सांगणं हा गुन्हा नाही. सगळंच सांगायला गेलं तर काहीच सांगून होत नाही. ज्या मुलाने अजून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला नाही त्याच्यापुढे अपवादांची यादी टाकता येईल. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं. आपल्या हातापायांच्या स्नायूंमधल्या एकेका तंतूत शेकडो केंद्रकं असतात. विषाणू या व्याख्येत बसतच नाहीत. कॉलर्पा नावाचं समुद्री शैवाल फुटाफुटांनी पसरतं, तरी आतून ती सलग एकच पेशी असते. हे सगळं खरं आहे. पण पहिल्याच दिवशी सांगणं म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाला पुरणपोळी भरवणं. आधी पेज, मग मऊ भात, मग पोळी. पेजेला कोणी खोटं जेवण म्हणत नाही.

तेव्हा अपुरं सांगणं आणि फसवणं यांतला फरक कसा करायचा? माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. मूल मोठं झाल्यावर त्याला आपण सांगितलेलं पुसून टाकावं लागणार आहे, की त्यावर आणखी काही रचता येणार आहे? 'पेशीला केंद्रक असतं' यावर 'पण काहींना नसतं' हे सहज चढवता येतं. ही पेज झाली. 'श्लायडेन, श्वान आणि विरचाऊ यांनी मिळून पेशी सिद्धांत मांडला' हे मात्र पुसावं लागतं. ते का, ते पाहू.

श्लायडेन आधी वकील होता, नंतर वनस्पतिशास्त्राकडे वळला. १८३८ साली त्याने वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असं मांडलं. १८३९ साली श्वानने तेच प्राण्यांना लागू केलं. झाड आणि जनावर एकाच प्रकारच्या विटांनी बांधलेलं आहे, हे तोपर्यंत कोणी इतक्या ठामपणे म्हटलं नव्हतं. हे त्यांचं श्रेय निर्विवाद आहे. पण नवी पेशी येते कुठून? यावर दोघांचं उत्तर असं होतं की एका निराकार द्रवात आधी केंद्रक धरतं आणि त्याच्याभोवती पेशी जमत जाते. साखरेच्या पाकात दोऱ्यावर खडीसाखरेचे खडे धरतात, साधारण तसं. श्लायडेनला हे पेशीच्या आत घडतं असं वाटे, श्वानला बहुतेक वेळा पेशींच्या बाहेरच्या द्रवात. म्हणजे आज आपण मुलांकडून पाठ करून घेतो त्यातलं तिसरं वाक्य पहिल्या दोन वाक्यांच्या धन्यांच्या मांडणीविरुद्ध जातं. तीन वाक्यं एका चौकटीत बसवली की हा झगडा दिसेनासा होतो आणि मुलांना वाटतं, शहाणी माणसं एकापाठोपाठ आली आणि वीट ठेवून गेली.

ती चूक दुरुस्त करणाऱ्यांत ज्याचं नाव सर्वांत आधी घ्यायला हवं तो रॉबर्ट रेमाक. १८१५ साली पोझेन इथे, म्हणजे तेव्हाच्या प्रशियाच्या राज्यात, एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. बर्लिनमध्ये योहान्नेस म्युलर यांच्याकडे तो शिकला. श्वान आणि फिरखोही (शाळेतल्या उच्चारात विरचाऊ) त्याच गुरूचे शिष्य. मज्जातंतूंवरचं रेमाकचं काम असं होतं की काही तंतूंना आजही त्याचं नाव आहे. पण प्रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात शिकवता येत नव्हतं. मार्ग एकच होता, बाप्तिस्मा घ्यायचा. अनेकांनी घेतला. रेमाकने घेतला नाही. पोटासाठी तो रुग्ण तपासत राहिला आणि राजाकडे अर्ज करत राहिला. अखेर १८४७ साली त्याला बर्लिन विद्यापीठात व्याख्याता म्हणून मान्यता मिळाली. तिथे असं शिकवणारा तो पहिला ज्यू.

हा माणूस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या रक्तपेशी पाहत बसायचा. १८४१च्या सुमारास त्याला त्या दुभंगताना दिसल्या. एकीच्या दोन होत होत्या. पण एवढ्यावर तो थांबला नाही. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या ऊतींत, गर्भाच्या वेगवेगळ्या टप्प्यांत तो हेच तपासत राहिला, आणि १८५२ साली त्याने लिहिलं की प्राण्यांच्या पेशी विभाजनानेच तयार होतात, पाकातल्या खड्यांसारखं काही होत नाही. वनस्पतींत पेशी दुभंगताना आधीही काहींना दिसली होती. पण 'नेहमी असंच होतं' हे म्हणायची हिंमत आणि पुरावा रेमाककडे होता.

फिरखोला सुरुवातीला हे पटलं नव्हतं. पटलं तेव्हा त्याने १८५५ साली एक लेख लिहिला आणि त्यात ते प्रसिद्ध लॅटिन वचन दिलं, ज्याचा अर्थ 'प्रत्येक पेशी पेशीपासून'. ते शब्दही नवे नव्हते. फ्रान्सच्या रास्पायने ते तीस वर्षं आधी वापरले होते. रेमाकचं श्रेय त्या लेखात नव्हतं. १८५८ साली फिरखोचं पेशींच्या विकृतींवरचं पुस्तक निघालं, जगभर गेलं, आणि वचन त्याच्या नावाला कायमचं चिकटलं. रेमाकला १८५९ साली साहाय्यक दर्जाचं प्राध्यापकपद मिळालं, पूर्ण प्राध्यापक तो कधीच झाला नाही. १८६५ साली, पन्नाशीत, तो वारला. त्याच्याच नावाचा त्याचा नातू गणितज्ञ झाला आणि १९४२ साली ऑशविट्झच्या छळछावणीत मारला गेला.

सीबीएसईच्या नववीच्या पुस्तकात वर्षानुवर्षं एक छोटी चौकट छापली गेली. तीत हूक, लेव्हेनहूक, ब्राऊन, पुर्किंये, श्लायडेन, श्वान, विरचाऊ असे सगळे होते. रेमाक नव्हता. आखातातल्या हजारो भारतीय मुलांचा पेशींच्या इतिहासाशी परिचय झाला तो या चौकटीतून.

"पण त्याने काय बिघडलं?" एका पालकांनी मला विचारलं होतं. त्यांचं म्हणणं विचार करण्यासारखं होतं. मुलांनी पेशी शिकावी, पेशीचा इतिहास नव्हे. सत्य कोणी शोधलं याने सत्य बदलत नाही. शून्य कोणाचं हे माहीत नसलं तरी बेरीज येतेच. उलट अशा गोष्टी सांगून मुलांच्या मनात आपण विज्ञानाबद्दल कडवटपणा पेरतो.

मी यावर बरेच दिवस विचार केला. सत्य बदलत नाही हे मान्य. पण एकदा नावं सांगायची ठरवली, तीन नावं पाठ करून घेतली, त्यावर एक गुण ठेवला, की मग तो नुसता पेशीचा धडा राहत नाही. तो श्रेयाचाही धडा होतो. नावं अजिबात सांगितली नाहीत तर माझी तक्रार नाही. सांगितली तर मग ती खरी हवीत. आणि आणखी एक गोष्ट आहे. गोष्ट छोटी करताना काहीतरी गळणारच, पण काय गळतं ते पाहिलं तर त्यात योगायोग कमी दिसतो. खुर्ची असलेल्याचं नाव राहतं आणि खुर्चीबाहेर उभ्या असलेल्याचं जातं. प्रत्येक जण 'जागा कमी होती' एवढंच म्हणतो आणि ते खरंही असतं. कोणाचाच हेतू वाईट नसतो, तरी शंभर वर्षांनी हिशेब एकाच बाजूला झुकलेला असतो.

आपल्या लोकांना हे समजायला वेळ लागू नये. इकाम्यावर वर्षानुवर्षं राहून काम करणाऱ्याला माहीत असतं की काम आपलं असू शकतं आणि जागा आपली नसू शकते. अर्थात ही तुलना ताणू नये. आपण करार करून, पगार ठरवून इथे आलो आहोत. रेमाक स्वतःच्याच राज्यात परका होता. पण दरवाजाबाहेर उभं राहून आतलं काम करणं म्हणजे काय, याचा थोडा अंदाज आपल्याला आहे.

त्याच वेळी दुसऱ्या टोकाचा मोह टाळायला हवा. 'फिरखोने ढापलं' हीसुद्धा एक सोपी गोष्टच आहे आणि आजकाल ती अधिक खपते. खरा फिरखो इतका सोपा नाही. १८४८ साली अप्पर सायलेशियातल्या तापाच्या साथीची पाहणी करून त्याने सरकारला बजावलं की या रोगावरचं औषध शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न हे आहे. त्या राजकारणापायी त्याला बर्लिन सोडावं लागलं. पुढे ज्यूद्वेषाच्या लाटेला त्याने उघड विरोध केला. रोगाचा पत्ता पेशीत शोधायचा ही त्याची दृष्टी मोठी होती, आणि ती नसती तर रेमाकचं निरीक्षण गर्भशास्त्राच्या कोपऱ्यात पडून राहिलं असतं असंही म्हणता येईल. चांगल्या माणसाकडूनही दुसऱ्याचं देणं राहून जातं. मुलांना खलनायक दिला की त्यांना हे कळायचं राहून जातं, आणि आयुष्यात उपयोगी पडणारी गोष्ट नेमकी हीच आहे.

'नरो वा कुंजरो वा' आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. धर्मराजाचे शब्द खोटे नव्हते. हत्ती मेला होताच. तरीही त्याचा रथ जमिनीला टेकला, कारण त्या शब्दांनी द्रोणाला एका ठरावीक समजाकडे ढकललं आणि ढकलायचं म्हणूनच ते उच्चारले गेले. वाक्य खरं आहे का एवढंच विचारून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उभं राहील, आणि ते आपल्याला ठाऊक होतं का, हेही विचारावं लागतं. पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला कदाचित ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे, म्हणून माझ्यावरची जबाबदारी वेगळी आहे.

हे सगळं युरोपातलं म्हणून लांब वाटत असेल तर आपल्या घरचं उदाहरण घेऊ. दुर्गाबाई भागवत मराठी वाचकाला सांगाव्या लागत नाहीत. त्यांची धाकटी बहीण कमला किती जणांना माहीत आहे? कमला भागवत, लग्नानंतर सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिल्या आल्या. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक होते सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला, बाई म्हणून. कमलाबाई तिथे जाऊन कारण विचारत बसल्या. शेवटी एक वर्ष परीक्षेवर, अटी घालून प्रवेश मिळाला. वर्षभराने रामन यांचं मत बदललं आणि पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. पेशी अन्नातली ऊर्जा सोडवते त्या साखळीतला हा एक महत्त्वाचा दुवा.  श्वानने म्हटलं होतं की झाड आणि प्राणी एकाच विटांचे. कमलाबाईंनी दाखवलं की त्या विटांच्या आतली चूलही एकाच जातीची आहे. १९३९ साली त्यांना पीएचडी मिळाली.

आमच्या शनिवारच्या मुलांना मी श्वाननंतर लगेच कमलाबाई सांगते. 'मराठी बाई' म्हणून मिरवायला नाही, गोष्टीत त्यांची जागा तिथेच आहे म्हणून. बटाटा हातात घेऊन सांगितलं की सातवीतल्या मुलालाही ते समजतं. आणि रामन यांच्याबद्दल सांगताना मी फिरखोचाच नियम लावते. ते थोर शास्त्रज्ञ होते, त्यांनी एका मुलीला अडवलं आणि नंतर आपलं मत बदललं. तिन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या, एकही गाळायची नाही.

माझ्या स्वतःच्या कामातही हा प्रश्न रोज समोर असतो, अगदी फ्रीझरमध्ये. जगभरातल्या प्रयोगशाळांत हेला नावाच्या पेशी वाढवल्या जातात. हे नाव हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आलं. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार झाले. गाठीतल्या पेशी तिला न विचारता काढून घेतल्या गेल्या. तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. त्याच वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी ती गेली. पेशी मात्र वाढत राहिल्या, पोलिओच्या लशीच्या कामी आल्या, विकल्या गेल्या. कितीतरी वर्षं पुस्तकांत तिचं नाव चुकीचं छापलं जात होतं आणि घरच्यांना सत्तरच्या दशकापर्यंत काही पत्ता नव्हता. 'प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासून' हे वाक्य मागे मागे नेलं तर या पेशी एका कृष्णवर्णीय आईपाशी, पाच मुलांच्या आईपाशी पोचतात. बाटलीवर तारीख टाकताना हे आठवतं. आठवल्याने प्रयोगाचा निकाल बदलत नाही. पण बाटली हाताळण्याची पद्धत थोडी बदलते, असा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या वाक्याची एक अडचण अजून राहिली आहे, आणि ती मुलं हमखास पकडतात. गेल्या वर्षी वर्गातल्या सर्वांत लहान मुलीने विचारलं, "मावशी, मग पहिली पेशी कुणापासून झाली?" वर्गात रत्नागिरीच्या मुस्लिम घरातली मुलं आहेत, वसईच्या ख्रिस्ती घरातली आहेत, आमच्यासारखी गणपती बसवणारी आहेत. प्रत्येकाच्या घरी याचं एकेक उत्तर आहे. इथे सोपं करून सांगण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे प्रश्नच टाळणं. २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा कारण 'भार कमी करणे' हेच दिलं होतं. दुसरा म्हणजे आपल्याला सगळं कळलंय अशा थाटात 'रसायनांपासून झाली' म्हणून मोकळं होणं.

मी त्यांना सांगितलं ते असं. आज आपल्याला दिसणारी प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासून झाली आहे, हे आपण नक्की म्हणू शकतो. पृथ्वीवर सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या जीवांच्या खुणा सापडतात. त्याआधी कधीतरी, निर्जीव पदार्थांतून, पहिल्यांदा काहीतरी पेशीसारखं झालं असलं पाहिजे. १९५३ साली मिलर आणि युरी यांनी वाफ, काही वायू आणि ठिणग्या एकत्र आणून प्रथिनांचे घटक तयार करून दाखवले. पण तिथून पेशीपर्यंतचा रस्ता अजून कोणालाच पूर्ण सापडलेला नाही. "म्हणजे तुलाही माहीत नाही?" तिने विचारलं. मी म्हटलं, मलाही नाही, माझ्या सरांनाही नाही. तिला याचा आनंद झाला. करण्यासारखं काहीतरी अजून शिल्लक आहे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. ज्या पालकांना मुलांच्या मनात कडवटपणा येईल अशी भीती वाटते त्यांना मी हे सांगू इच्छिते. चुकलेल्या, भांडलेल्या, एकमेकांचं श्रेय विसरलेल्या माणसांची गोष्ट ऐकून मुलं विज्ञानापासून दूर जात नाहीत. त्यांना वाटतं की यात आपल्यालाही जागा आहे.

आता मी काय करते ते थोडक्यात. पहिला दिवस नावांशिवाय असतो. कांद्याच्या पापुद्र्यावर फार्मसीतलं आयोडीन पातळ करून टाकायचं आणि पाहायचं. गालाच्या आतल्या पेशी काडीने घ्यायच्या आणि मासे विकणाऱ्या दुकानातल्या मिथिलीन ब्लूने रंगवायच्या. प्रत्येकाने दिसलं ते काढायचं. मग मी विचारते, या नव्या कशा होत असतील? खडीसाखरेचं उत्तर मुलांमधूनच येतं, म्हणजे श्लायडेन-श्वान मूर्ख नव्हते हे आपोआप कळतं. मग रेमाक, मग फिरखो, आणि शेवटी ती तीन वाक्यं. ती मी पाठही करून घेते, कारण ती खरोखर चांगली वाक्यं आहेत.

राहता राहिली परीक्षा. 'प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासून तयार होते हे कोणी सांगितले?' असा एक गुणाचा प्रश्न आला तर काय लिहायचं, हे मुलं विचारतातच. मी सांगते, विरचाऊ लिहा. तपासणाऱ्याच्या हातात उत्तरपत्रिकेचा नमुना असतो आणि आमच्या वादाची किंमत मुलाच्या गुणांनी चुकवायला लावणं मला योग्य वाटत नाही. हे मला पूर्ण पटलेलं आहे असंही नाही. एकीकडे न्यायाची गोष्ट सांगायची आणि दुसरीकडे 'पेपरात मात्र तसंच लिही' म्हणायचं, यात मुलं जगाचा एक वेगळाच धडा शिकतात. पण गुण बुडवून शिकवलेला न्यायही मुलांना परवडत नाही. गेल्या परीक्षेनंतर एका मुलाने पुस्तक दाखवलं. त्या चौकटीत विरचाऊच्या नावाआधी त्याने पेन्सिलीने 'रेमाक, १८५२' असं लिहिलं होतं. ते पुस्तक पुढच्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीकडे जाणार आहे, आणि त्याने ते खोडलेलं नाही.